फार तर तीन महिने

ते काका पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी कुत्र्याला दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ते थांबले, श्वास घेतला आणि मग वर आले. हे मला आज स्पष्ट आठवतं. तेव्हा मात्र मी फक्त कुत्र्याकडे बघत होते.

मी जनावरांची डॉक्टर. वसमतला माझा दवाखाना आहे. तेव्हा दवाखाना टाकून चार वर्षं झाली होती आणि सोनोग्राफीचं मशीन घेऊन जेमतेम दीड वर्ष. मशीन जुनं, पण चालू. त्यावर माझं मुख्य काम म्हणजे म्हैस गाभण आहे का ते बघणं आणि शेळीच्या पोटात करडं किती ते सांगणं. त्यात माझा हात बसला होता. लोक लांबून यायचे. पडद्यावर करडाचं काळीज धडधडताना दाखवलं की बायाबापड्यांचे चेहरे उजळायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची सवय लागली होती. मी बघते, मी सांगते आणि ते खरं निघतं, अशी सवय.

कुत्र्यांचं पोट बघायला मी सात दिवसांच्या एका प्रशिक्षणात शिकले होते. त्यातले पाच दिवस भिंतीवरची चित्रं बघण्यात गेले. निरोगी यकृत कसं दिसतं, तर सगळीकडे एकसारखं बारीक रवाळ, शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा थोडं उजळ, प्लीहेपेक्षा थोडं गडद. कडा नितळ. हे सगळं पाठ होतं. पाठ असणं आणि ओळखता येणं यात किती अंतर असतं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं.

काका शिरड शहापूरचे. एसटीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी नांदेडला शाळेत शिक्षिका. घरात ते आणि हे कुत्रं, दोघंच. कुत्रं गावठी, तांबूस, एक कान मोडलेला, वय अकराच्या पुढे. त्याला नाव नव्हतं. काका त्याला नुसतं "गड्या" म्हणायचे.

"माझ्या घरचीनं आणलं व्हतं हे. स्टँडवरून, पदरात घालून," ते म्हणाले. "चार दिस झाले, भाकरीला तोंड लावून न्हाई राहिलं. दोनदा ओकलं. पिवळंजर्द."

मी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. यकृताचा एक आकडा बराच वाढलेला होता. मी फोन करून सांगितलं, उद्या उपाशीपोटी आणा, सोनोग्राफी करू.

ते दुधाच्या गाडीतून आले. मी खिडकीचा पडदा ओढला, कुत्र्याला फोमच्या खोलगट गादीवर उताणं निजवलं आणि पोटावरचे केस ट्रिमरनं काढले. काकांनी पुढचे पाय धरले. जेल थंड लागली तेव्हा ते कुत्रं एकदा थरथरलं. काका त्याच्या मोडक्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राहिले आणि ते शांत झालं. इतकं शांत कुत्रं मी तोवर पाहिलं नव्हतं.

बरगडीच्या खालून मी प्रोब, मशीनचा हातात धरायचा भाग, आत वळवला. यकृत दिसलं. थोडं मोठं. पित्ताशयात गाळ साचलेला. आणि मग एक काळसर गोल. प्रोब जरा सरकवला तर दुसरा. मी चित्र थांबवलं, माप घेतलं, परत हलवलं. पाच गोल मोजले. सगळ्यात मोठा सुपारीएवढा.

"काय दिसून राहिलं मॅडम?" काकांनी विचारलं. पडद्याकडे बघत होते, पण तिथे त्यांना राखेच्या ढिगाशिवाय काय दिसणार?

"लिव्हरमध्ये गाठी आहेत काका. जागोजागी."

"लिव्हर म्हंजे काळीजच ना?"

"व्हय. आपण मटणात काळीज म्हणतो ते."

"कसल्या गाठी?"

इथे मी थांबायला हवं होतं. मला माहीत होतं की नुसत्या चित्रावरून गाठीची जात कळत नाही. चित्र बघता बघताच बारीक सुई आत घालायची, चार पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या आणि परभणीला तपासायला पाठवायच्या, असा रस्ता होता. पण यकृतात सुई मी एकटीनं कधी घातली नव्हती. प्रशिक्षणात एकदा दुसऱ्याला घालताना पाहिली होती, तेवढंच. यकृतात रक्त फार असतं. कुत्रं माझ्या टेबलावर गेलं तर?

मी म्हणाले, "बहुतेक कॅन्सरच्या. पसरलेल्या दिसतात."

काकांनी कुत्र्याचे पाय सोडले नाहीत.

"सुईनं तपासता येतं," मी पुढे म्हणाले, "पण या वयात कशाला त्याला तकलीफ द्यायची? रक्त गेलं तर उगाच."

हे बोलताना माझा आवाज अगदी समजूतदार होता. मला अजून आठवतो तो आवाज.

"किती दिस हायेत त्याचे?"

"दोन महिने. फार तर तीन."

हे तीन महिने मी कुठून आणले ते मला आजही सांगता येणार नाही. कुठेतरी वाचलं असेल. काकांनी मान हलवली. मी पोटावरची जेल पुसायला लागले तर म्हणाले, "द्या, मी पुसतो." आपल्या रुमालानं त्यांनी ती हळूहळू पुसली.

मी पित्ताची औषधं दिली, उलटीची दिली, आणि त्याला काय आवडतं ते खाऊ घाला म्हणून सांगितलं. जाताना ते "जय भीम मॅडम" म्हणाले, आल्यावर म्हणाले होते तसंच.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी यायचे. पहिल्या खेपेला कुत्रं भाकरीचा काला खायला लागलं होतं. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच्या पायानं तीन पायऱ्या चढलं आणि काका मागून, कठड्याला धरून. मी वजन केलं तर किलोभर वाढलेलं. मला बरं वाटलं. औषध लागू पडलं, शेवटचे दिवस सुखाचे जातायत, असं मी स्वतःला सांगितलं. परत मशीन लावून बघावं, असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण काकांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी एक बाई दवाखान्यात आल्या. सोबत जनावर नव्हतं. हातात फाईल होती. म्हणाल्या, "मी त्या शिरडच्या ड्रायव्हर काकांची मुलगी. नांदेडहून आले. तुमच्याशी बोलायचंय ताई."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. मला वाटलं, कुत्र्याचे रिपोर्ट असतील.

"बाबांच्या हृदयाच्या तीन नसा बंद आहेत," त्या म्हणाल्या. "अँजिओग्राफी झाली तुमच्याकडे यायच्या आधी. डॉक्टर म्हणाले, बायपास करायचं, उशीर करू नका. मी तारीख घेतली होती. रजा टाकली होती. ऐनवेळी बाबा म्हणाले, आता न्हाई येत. मी म्हटलं काहून? तर म्हणतात, माझ्या माघारी गड्याला कोण बघंल? तो दोन-तीन महिन्यांचा सोबती आहे. मॅडमनी मशीनवर बघून सांगितलंय. त्याचं होऊ दे, मग मी येतो."

मी फाईल उघडली. वर काकांचं नाव होतं.

"आता तीन महिने झाले. काल मी घरी गेले तर कुत्रं अंगणात कोंबड्यांमागं पळून राहिलं होतं. आणि बाबा ओट्यावर छाती चोळत बसलेले." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "खरंच मरणार आहे का ते कुत्रं?"

दुसऱ्या पायरीवर थांबलेले काका तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आले. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना तिथे थांबताना पाहिलं होतं. जनावर लंगडलं तर मी लांबून ओळखते. माणूस माझ्यासमोर छातीला हात लावून उभा राहत होता आणि मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

"मी परत तपासते," मी म्हणाले. "उद्याच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी परत प्रोब लावला. पाचच गाठी होत्या. सुपारीएवढी सुपारीएवढीच होती. माझ्या आधीच्या मापात आणि या मापात नखभरही फरक नव्हता. पित्ताशयातला गाळ मात्र बराचसा गेला होता. पसरलेला कॅन्सर तीन महिने जागच्या जागी असा बसून राहत नाही, हे कळायला मोठी डॉक्टर लागत नाही. मुलगी माझ्या मागे उभी होती. मी म्हणाले, "परभणीला माझे सर आहेत, त्यांना दाखवू." काका म्हणाले, "दाखवू की. पण मॅडम, वाढलंय का कमी झालंय?" मी म्हणाले, "आहे तसंच आहे." त्यांना यातून काय समजावं ते कळेना. कुत्र्याच्या पाठीवर थापटत राहिले.

आम्ही तिघं आणि कुत्रं परभणीला गेलो. सरांनी मला शिकवलेलं. त्यांनी आधी रक्त गोठण्याची तपासणी केली, छातीचा एक्स-रे काढला, मग प्रोब लावला. बराच वेळ बघितलं. घाई नाही, बोलणं नाही. मग डाव्या हातात प्रोब आणि उजव्या हातात सुई घेऊन एका गाठीत शिरले आणि बाहेर आले. मी श्वास रोखला होता, तो सोडायच्या आत झालं. कुत्र्यानं मान वळवून बघितलंही नाही.

बाहेर व्हरांड्यात सर मला म्हणाले, "म्हाताऱ्या कुत्र्यांत अशा गाठी बऱ्याचदा असतात. साध्या, वयाच्या. पडद्यावर त्या आणि कॅन्सर सारखेच दिसू शकतात. तू पेशी घेतल्या होत्यास का?"

"नाही सर."

"मग सांगितलंस कशावरून?"

मी खाली बघितलं. सरांनी पुढे काही विचारलं नाही आणि तेच मला जास्त लागलं. आत काका कुत्र्याला बिस्किट भरवत होते.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. यकृताच्याच पेशी, वयानं वाढलेल्या. पहिल्यांदा जो आजार होता तो पित्ताचा होता आणि तो औषधानं गेला होता. मी लगेच काकांना फोन केला. ते मोठ्यानं हसले. फोन कानापासून दूर धरून ओरडले, "गड्या, पास झालास रे लेका!" मग मला म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार हायेत."

उपकार हा शब्द ऐकल्यावर खरं काय ते सांगून टाकावंसं वाटलं. फोनवर सांगायचं नाही, समोर जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. रविवारी शिरडला जाणार होते. मुलीनं ऑपरेशनची नवी तारीख मागितली होती, ती पंधरा दिवसांनंतरची मिळाली होती.

शनिवारी सकाळी मी एका व्यालेल्या म्हशीचा अडकलेला जार काढत होते तेव्हा मुलीचा फोन आला. हात भरलेले होते म्हणून मी उचलला नाही. अर्ध्या तासानं लावला. काकांना अंगणात झटका आला होता. शेजारणीनं पाहिलं, शेजाऱ्यांनी गाडीत घालून नांदेडला नेलं. जीव वाचला होता. हृदयाचा एक भाग मात्र निकामी झाला होता.

चौथ्या दिवशी मी नांदेडला गेले. त्यांना साध्या खोलीत आणलं होतं. चेहरा उतरलेला, हाताला सुई, ओठ सुकलेले. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "गड्या जेवला का?"

"शेजारच्या काकूंकडे आहे. जेवतो."

मुलगी खिडकीशी उभी होती. ती बाहेर जाईल मग बोलावं असं मला वाटत होतं, पण ती गेली नाही. मग मी तिच्यासमोरच सुरुवात केली.

"काका, मला एक सांगायचंय. पहिल्या दिवशीच मी सुईनं तपासायला पाहिजे होतं. रक्त जाईल असं मी म्हणाले ते अर्धंच खरं होतं. मला ते नीट जमत नव्हतं. मला भीती वाटली. आणि ते तीन महिने मी अंदाजानं सांगितले."

ते वरच्या पंख्याकडे बघत राहिले.

"अंदाजानं," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे तवा बी ते मरणार न्हवतं."

"नाही."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं. मग ते म्हणाले, "मी बी अंदाजानंच ऑपरेशन पुढं ढकललं म्हणा. मला वाटलं, तीन महिने तर दम धरंल गाडी."

मी रडू लागले. त्यांनी सुई नसलेला हात जरा हलवला, राहू द्या म्हणाल्यासारखा. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या बी छातीला तसलीच जेल लावली इथं. पडदा बी तसलाच. राखेवानी." मग माझ्याकडे वळून विचारलं, "त्यांचं चित्र तरी बराबर असंल ना मॅडम?"

ते चेष्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

"त्यांचं बरोबर आहे काका," मी म्हणाले. हे सांगायचा मला काय अधिकार होता कोण जाणे.

जिन्यापर्यंत मुलगी माझ्यासोबत आली. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबांनी तुम्हाला काही म्हटलं न्हाई, कारण ते तसेच आहेत. मला ते जमणार न्हाई ताई. तुम्ही एक वाक्य बोललात आणि आम्ही सगळे त्यावर चाललो." मी खाली उतरले आणि वसमतच्या गाडीत बसले.

काकांचं ऑपरेशन दीड महिन्यानं झालं. ते वाचले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत. चार पावलं टाकली की बसावं लागायचं. मुलीनं त्यांना नांदेडला कायमचं नेलं. दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. ज्याच्यासाठी त्यांनी ऑपरेशन थांबवलं, ते कुत्रं शिरडलाच राहिलं, शेजारच्या काकूंच्या दारात. काकूंनी आनंदानं ठेवलं, पण संध्याकाळ झाली की ते जाऊन काकांच्या बंद घराच्या ओट्यावर बसायचं, असं त्या सांगायच्या.

मी दर तीन महिन्यांनी मशीन घेऊन शिरडला जाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं. काकूंच्या ओसरीत पोतं अंथरून मी कुत्र्याला निजवायची, केस काढायची, पाच गाठी मोजायची. त्या दिवशी काकांचा फोन हमखास यायचा. "काय म्हणतंय चित्र?" मी मापं वाचून दाखवायची. पुढे किती दिवस, असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.

दरम्यान मी परभणीला सरांकडे दर आठवड्याला जाऊन सुई शिकले. आता माझ्याकडे कुणी कुत्रं घेऊन आलं आणि यकृतात काही दिसलं, तर मी तेवढंच सांगते: काहीतरी दिसतंय, काय ते अजून माहीत नाही. काही लोकांना हे आवडत नाही. एक जण तोंडावर म्हणाले, "मग मशीन कशाला ठेवलंय?" त्यांना समजावताना माझी दमछाक झाली. ते परत आले नाहीत.

कुत्रं आणखी दीड वर्षं जगलं. शेवटी मूत्रपिंडं थकली. एका सकाळी काकूंचा फोन आला, "बाई, गेलं हो ते." मी बॅग घेऊन निघाले. ते पाण्याच्या हौदाजवळ पोत्यावर निजलेलं होतं. माशा बसू नयेत म्हणून काकूंनी वर ओढणी टाकली होती.

मी काकांना फोन लावला. त्यांना कळलं होतं. आवाज कोरडा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "काका, तुमची परवानगी असेल तर पोट उघडून एकदा बघू का?"

"काहून?"

"त्या गाठी. प्रत्यक्ष बघायच्या आहेत."

"रिपोर्ट तर आला व्हता ना?"

"आला होता."

"मंग?"

दोन वर्षं जे मी राखाडी रंगात मोजत आले होते ते एकदा हातात घेऊन बघावं, एवढंच मला हवं होतं. त्यानं कुणाचंच काही परत येणार नव्हतं.

"न्हाई मॅडम," काका म्हणाले. "राहू द्या. हाय तसंच माती द्या त्याला."

"बरं काका."

काकूंच्या यजमानांनी घरामागे खड्डा खणून ठेवला होता. बॅग मी उघडली नाही. ओढणी बाजूला केली. शेवटच्या तपासणीच्या वेळी काढलेले पोटावरचे केस अजून पुरते आले नव्हते, तिथली कातडी फिकी दिसत होती. बरगडीच्या खाली, जिथे मी प्रोब ठेवायची तिथे, मी तळहात दाबून बघितला. हाताला काहीच लागलं नाही.

काकू म्हणाल्या, "चला बाई, ऊन व्हायच्या आत आटपू." आम्ही दोघींनी पोत्याची चार टोकं धरली.